न्यायाधीशांची बदली कोण करतं?

सोलापुरात एकाच माणसाला तीन वेगळ्या टेबलांसमोर उभं राहावं लागू शकतं. हा माणूस शांतता बिघडवेल असं पोलिसांना वाटलं आणि त्यांनी चॅप्टर केस (आधीच बॉण्ड लिहून घेण्याची प्रतिबंधात्मक कारवाई) केली, तर सहायक पोलीस आयुक्तांसमोर. जमिनीच्या नोंदीला हरकत घेतली, तर मंडळ अधिकाऱ्यांसमोर आणि पुढे प्रांतांसमोर (उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर). गुन्ह्यात अटक झाली, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. तिन्हीकडे पुकारा होतो, म्हणणं मागतात, तारीख पडते, आदेश निघतो. पक्षकार घरी जाऊन ‘आज कोर्टात गेलो होतो’ असंच सांगतो.

मी मात्र अशा प्रत्येक वेळी आधी विचारतो: समोर बसलेल्या अधिकाऱ्याची बदली कोण करतं? त्याचा गोपनीय अहवाल कोण लिहितं? त्याच्यावर चौकशी कोण लावू शकतं? न्यायाधीशांचं स्वातंत्र्य या विषयावर दिल्लीच्या बातम्या वाचून जे कळत नाही, ते या तीन प्रश्नांतून कळतं. सर्वसामान्य माणसाचा संबंध सुप्रीम कोर्टाशी जवळपास कधीच येत नाही, तो येतो जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याशी.

आधी चॅप्टर केस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107) शांतता राखण्याचा, किंवा कलम 129 खाली (जुनं 110) चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड मागता येतो. पहिल्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, दुसऱ्याची तीन वर्षं. बार्शी, मोहोळ, करमाळा अशा ग्रामीण भागात हे प्रकरण तहसीलदारांकडे किंवा प्रांतांकडे जातं. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सहायक पोलीस आयुक्तच बसतात. प्रस्ताव पोलीस ठाण्याचा आणि निर्णय पोलीस खात्याच्याच अधिकाऱ्याचा. कायदा याला परवानगी देतो, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. पण निर्णय देणाऱ्याची बदली, बढती आणि अहवाल हे सगळं गृह खात्याकडे आहे, हे विसरून चालत नाही.

चुका होतात त्या बहुतेक ठरलेल्या जागी. कलम 130 ची नोटीस छापील फॉर्मवर निघते. तिच्यात मिळालेल्या माहितीचा सारांश, बॉण्डची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या लिहायची असते. सारांशाच्या जागी ‘सदर इसम हा भांडखोर प्रवृत्तीचा असून’ एवढं एकच वाक्य असतं. तारीख, प्रसंग, साक्षीदार काही नाही. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. चौकशी सुरू होण्याआधीच अंतरिम बॉण्ड मागतात, जामीनदार मिळाला नाही की माणसाला आत पाठवतात. चौकशी प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय असा बॉण्ड मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मधु लिमये प्रकरणात 1970 सालीच सांगून ठेवलंय. तरी आजही हा मुद्दा दर वेळी नव्याने मांडावा लागतो. म्हणून नोटीस हातात पडली की ती नीट वाचायची, माहितीचा सारांश नसेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत द्यायची आणि अर्ज घेतल्याची पोच घ्यायची. सुरक्षा बॉण्डच्या अंतिम आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील आहे, आणि तिथे ही पोच कामाला येते. प्रकरण खात्याच्या बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा जातं ते सत्र न्यायालयातच.

आता न्यायदंडाधिकाऱ्यांचं टेबल. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत इथे आणावंच लागतं, हे राज्यघटनेच्या कलम 22(2) चं बंधन आहे. रिमांडचा बोर्ड बहुतेक वेळा घाईचा असतो. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट, अटक पंचनामा, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि केस डायरी पुढे ठेवतात आणि पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात. न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल तो हातभर अंतरावर दोरीचं टोक धरून उभा असतो. जाणता न्यायाधीश पोलिसांना दाराबाहेर जायला सांगतो आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारतो. वैद्यकीय कागदावर ‘नो फ्रेश इंज्युरी’ लिहिलंय आणि माणूस लंगडतोय, हे ज्याच्या नजरेतून सुटत नाही तो न्यायाधीश आपलं काम करतोय. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) त्याने एक ओळ लिहिली आणि नव्याने तपासणीचा आदेश दिला, तर पुढचा सगळा खटला वेगळ्या वाटेने जाऊ शकतो.

सोलापुरात यात भाषेचा प्रश्नही येतो. पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत घरातलं बोलणं तेलुगूत चालतं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नडमध्ये, बऱ्याच मोहल्ल्यांत दखनी उर्दूत. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. एरवी लगेच देणं शक्य झालं नाही तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितलं. हे पाळलं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. आता कल्पना करा, सगळे कागद मराठीत आहेत, आरोपीला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि बाहेर कॅमेरे घेऊन लोक उभे आहेत. त्या क्षणी ‘कारणं दिली नाहीत, सोडून द्या’ असा आदेश लिहिणाऱ्या न्यायाधीशाला दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला पाठवता येत असतं, तर हा नियम कागदावरच राहिला असता.

तसं पाठवता येत नाही, कारण घटनेने बदलीचा अधिकार सरकारकडे ठेवलेलाच नाही. कलम 235 प्रमाणे जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाचं आहे. नेमणुकीची जागा, बदली, बढती, रजा, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं त्यात आलं. ‘नियंत्रण’ म्हणजे फक्त कामाची वाटणी, चौकशी मात्र आम्ही करू, असा युक्तिवाद पश्चिम बंगाल सरकारने करून पाहिला. बागची प्रकरणात 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. पुढच्याच वर्षी चंद्रमोहन प्रकरणात उत्तर प्रदेशात दंडाधिकाऱ्याचं काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना जिल्हा न्यायाधीश नेमण्याची वाटही बंद झाली. हे दोन निकाल घटनेची मूलभूत चौकट सांगणाऱ्या केशवानंद भारती निकालाइतके गाजले नाहीत, पण तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला मिळणारं संरक्षण यांतूनच आलंय.

आपल्याकडे याची सुरुवात त्याही आधीची. इंग्रजी अमदानीत जिल्हाधिकारीच दंडाधिकारी असे: वसुली त्याची, पोलिसांवर नजर त्याची आणि शिक्षाही त्याच्या हाताखालून. मे 1930 मध्ये या शहरावर लष्करी कायदा लागला तेव्हा बंदोबस्त करणारं आणि शिक्षा देणारं सरकार एकच असलं की काय होतं ते सोलापूरने पाहिलंय. स्वतंत्र भारताच्या घटनेने कलम 50 मध्ये न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचं तत्त्व लिहिलं, आणि त्यावेळच्या मुंबई राज्याने 1951 च्या कायद्याने ते अमलात आणायला घेतलं. संपूर्ण देशासाठी ही विभागणी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आली, म्हणजे 1 एप्रिल 1974 पासून.

फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या) प्रकरणात ही विभागणी अजूनही पूर्ण झालेली नाही, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. सातबाऱ्यावरच्या वादग्रस्त नोंदीचा निर्णय मंडळ अधिकारी देतात. त्यावर अपील प्रांतांकडे, मग अपर जिल्हाधिकारी, मग पुण्याचे विभागीय आयुक्त, आणि शेवटी जमीन महसूल संहितेच्या कलम 257 खाली थेट मंत्र्यांकडे. इतकी पायऱ्यांची लांबलचक शिडी आणि एकाही पायरीवर असा माणूस नाही, ज्याची बदली सरकारच्या हातात नाही. मंत्रालयातून स्थगिती आणणं हा काही लोकांचा धंदाच झालाय. मालकी हक्काचा खरा वाद असेल तर यात वर्षं घालवू नयेत. दिवाणी न्यायालयात घोषणेचा आणि मनाईचा दावा लावावा, कारण मालकी ठरवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना नाहीच, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे त्यांना नोंद दुरुस्त करावी लागते. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे कोर्टांनी शेकडो वेळा सांगितलंय.

सरकार स्वतः पक्षकार असतं तेव्हा काय होतं, तेही सांगतो. उजनी धरणात करमाळा, माढा भागातल्या जमिनी गेल्या. 1894 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटला तर कलम 18 खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येई. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत, नसाल तर नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतली आधी संपेल ती मुदत. मेख अशी की अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यायचा आणि त्यांनी तो कोर्टाकडे पाठवायचा. म्हणजे ज्याच्या निवाड्याला आव्हान दिलंय त्याच्याच टेबलावरून फाईल जाणार. ती तिथे पडून राहिली की शेतकऱ्याच्या आयुष्यातली वर्षं जातात. मात्र फाईल एकदा कोर्टात आली की चित्र बदलतं. न्यायाधीश शेजारच्या जमिनींची खरेदीखतं बघतात, बागायती-जिरायतीचा पुरावा घेतात आणि मोबदला वाढवून देतात. सरकारने भरला नाही, तर हुकूमनाम्यानंतर तीन महिने थांबून (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 82) दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. मग नाझराकडून (कोर्टात जप्तीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून) जप्ती वॉरंट घेऊन बेलीफ सरकारी कार्यालयात जातो. खुर्च्या, संगणक, कधीकधी साहेबांची गाडीही यादीत येते. बहुतेक वेळा अधिकारी लेखी मुदत मागतात आणि रक्कम जमा होते. एका बेलिफाच्या हातातल्या कागदापुढे जिल्ह्याच्या प्रशासनाला थांबावं लागतं. राज्यघटनेचं राज्य कसं असतं हे शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल, तर मी त्यांना हा कागद दाखवेन.

वरच्या न्यायालयांतल्या नेमणुकांवर इतकं लिहून आलंय की इथे थोडक्यात. 1993 आणि 1998 च्या निकालांतून कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींनीच नेमणुका सुचवण्याची पद्धत, आलं. 99 वी घटनादुरुस्ती करून संसदेने आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. कॉलेजियममध्ये पारदर्शकता कमी आहे, ही टीका मला पटते. पण एप्रिल 1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, आणि आणीबाणीत नागरिकाच्या बाजूने एकट्याने मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्ती खन्नांना जानेवारी 1977 मध्ये डावललं गेलं. हे आठवलं की नेमणुकीची किल्ली मंत्रिमंडळाच्या हातात परत द्यावी असं मला वाटत नाही.

खाली, जिल्ह्यात, कुठे काय दुखतं याकडे मात्र कोणी फारसं बघत नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार थेट संचित निधीवर भारित असतात, विधिमंडळात त्यावर मतदान होत नाही. तालुक्याच्या न्यायाधीशाचा पगार, कोर्टाची इमारत, स्टेनो, शिपाई, झेरॉक्सचा कागद हे सगळं मात्र राज्याच्या अर्थसंकल्पातल्या मागणीतून येतं. आदेशावर कोणी दबाव आणत नाही, पण स्टेनोचं पद रिकामं ठेवलं तर निकालपत्र टाइप होत नाही. 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा लाख लोकसंख्येमागे 50 न्यायाधीश असावेत असं सांगितलं, त्याच्या जवळपासही आपण पोहोचलेलो नाही. बोर्डावर शंभराच्या पुढे प्रकरणं असलेला न्यायाधीश कितीही स्वतंत्र असला, तरी प्रत्येक प्रकरणाला देण्यासाठी त्याच्याकडे मिनिटंच उरतात.

दुसरं दुखणं युनिटांचं. प्रत्येक निकालाला ठरलेले युनिट मिळतात आणि दर महिन्याला विवरणपत्र जातं. हिशोब ठेवायलाच हवा, यात शंका नाही. पण सात वारसांचा, चार पिढ्यांचा वाटपाचा दावा ऐकायला जितके दिवस लागतात, तितक्यात तडजोडीची किती तरी प्रकरणं निकाली काढता येतात. त्यामुळे जुना, किचकट दावा बोर्डाच्या तळाशी जातो.

तिसरं, भीती. ही उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाचीच दुसरी बाजू आहे. जामीन नाकारला म्हणून न्यायाधीशावर सहसा कोणी तक्रार करत नाही, दिला म्हणून निनावी अर्ज जातात. 58 व्या वर्षी सेवा 60 पर्यंत चालू ठेवायची की नाही याचा आढावा असतो, बढतीच्या वेळी जुने अहवाल निघतात. परिणाम असा की जे जामीन जेएमएफसीला किंवा सत्र न्यायालयाला देता आले असते, ते उच्च न्यायालयात जातात आणि माणूस तोवर आत राहतो. केवळ आदेश चुकला म्हणून शिस्तभंगाची कारवाई करू नका, गैरहेतूचा पुरावा असेल तरच करा, असं सुप्रीम कोर्टाने कृष्णप्रसाद वर्मा प्रकरणात 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं. हे वाक्य प्रत्येक उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय समितीने समोर लावून ठेवावं असं आहे.

दबाव नेहमी सरकारचाच असतो असंही नाही. एखाद्या न्यायाधीशाचे आदेश आवडले नाहीत म्हणून वकील संघाने त्याच्या कोर्टावर बहिष्कार टाकायचा, ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांत दिसते. हरीश उप्पल प्रकरणात 2002 लाच सुप्रीम कोर्टाने वकिलांना संपाचा हक्क नाही असं सांगितलंय. बहिष्कारात भरडला जातो तो तारखेसाठी सांगोल्याहून एसटीने आलेला पक्षकार. आणि पोलिसांबद्दल म्हणाल, तर गुजरातेत नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सप्टेंबर 1989 मध्ये पोलिसांनी जबरदस्तीने दारू पाजून, बेड्या आणि दोरी लावून रुग्णालयात नेलं होतं. त्यावरच्या 1991 च्या निकालापासून न्यायाधीशाला अटक करायची तर जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवावं लागतं, बेड्या घालता येत नाहीत, आणि जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस ठाण्यात नेता येत नाही.

न्यायाधीशच पक्षपाती वाटला तर काय करायचं, हे लोक हमखास विचारतात. आधी तो आदेश चुकीचा आहे की न्यायाधीश पक्षपाती आहे, हे वेगळं करा. आदेश चुकीचा असेल तर अपील किंवा पुनरीक्षण, तक्रार नाही. न्यायाधीशाचं एखाद्या पक्षाशी नातं किंवा आर्थिक संबंध असेल, तर ते पहिल्या संधीला त्याच कोर्टात लेखी सांगा, बरेच न्यायाधीश स्वतःहून बाजूला होतात. तसं झालं नाही तर दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 448 खाली सत्र न्यायाधीशांकडे प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज आहे. तिथे नामंजूर झाला तर उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला जावं लागत नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गसह सोलापूरची प्रकरणं आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

असे अर्ज बहुतांशी फेटाळले जातात ते मोघमपणामुळे. ‘न्यायाधीश विरुद्ध पक्षाला झुकतं माप देतात’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेला काय झालं, रोजनाम्यात काय लिहिलंय, कोण हजर होतं, हे प्रतिज्ञापत्रावर हवं. भ्रष्टाचाराची खरी माहिती असेल तर निनावी पत्र टाकू नका, नाव, सही आणि प्रतिज्ञापत्रासह प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीकडे द्या. आणि निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात, उच्च न्यायालयात 90. नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, पण अर्ज करायला तुम्ही घालवलेले दिवस वजा होत नाहीत.